रिंगबाहेरची खुर्ची यंत्राला द्यावी का?

मुष्टियुद्धातील निकालांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. त्याआधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत ‘पंच’ हा शब्द एरवी सोयीचा असला तरी या खेळात तो घोटाळा करतो, कारण रिंगच्या आत उभा राहून लढत चालवणारा रेफरी हा पंच, रिंगबाहेर बसून गुण देणारे जज हेही पंच, आणि सरावाला येणारी मुले मारलेल्या ठोशालाही पंचच म्हणतात. म्हणून पुढे रेफरी, जज आणि ठोसा असे तीन वेगळे शब्द वापरले आहेत.

प्रश्न : २१ डिसेंबर २०२४ रोजी रियाधला ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांची दुसरी लढत झाली. तीत कृत्रिम बुद्धिमत्तेनेही गुण दिले आणि तिचा विजेता तोच निघाला जो तिन्ही जजांचा होता. मग आता जज हवेत कशाला? (शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, सांगली)

त्या रात्री यंत्राचे गुण प्रयोग म्हणून घेतले होते, अधिकृत निकालात ते धरलेले नव्हते. तिन्ही जजांचे कागद उसिकच्या बाजूने ११६–११२ असे होते आणि यंत्राचा आकडा ११८–११२ असा होता. विजेता एकच आला हे खरे, परंतु या दोन आकड्यांमधला फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपण वहीवर मांडून पाहावा अशी विनंती आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात फेरीत सरस ठरलेल्याला दहा आणि दुसऱ्याला बहुधा नऊ गुण मिळतात. त्यामुळे बारा फेऱ्यांत कोणी खाली पडले नाही, कोणाचे गुण कापले गेले नाहीत आणि एकही फेरी बरोबरीची धरली नाही, तर दोघांच्या गुणांची बेरीज २२८ भरते. ११६ आणि ११२ यांची बेरीज तेवढीच आहे; म्हणजे आठ फेऱ्या उसिकच्या आणि चार फ्युरीच्या. ११८ आणि ११२ यांची बेरीज मात्र २३० होते. त्या लढतीत कोणी खाली पडले नव्हते, तेव्हा हिशेब एकाच रीतीने जुळतो : यंत्राने आठ फेऱ्या उसिकला दिल्या, दोन फ्युरीला दिल्या आणि दोन फेऱ्या बरोबरीत सोडल्या.

जजांना पहिल्या प्रशिक्षणापासून सांगितलेले असते की बरोबरीची फेरी शक्यतो द्यायची नाही. केसाएवढा फरक असला तरी तो शोधायचा आणि कोणाच्या तरी पदरात फेरी टाकायची. यंत्राने दोनदा तसे केले नाही. त्याचे उत्तर चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कदाचित तेच अधिक प्रामाणिक असेल. पण बरोबरीची फेरी द्यावी की नाही हा प्रश्न नजरेचा नाही, नियमाचा आहे, आणि नियम ठरवण्याचे काम खेळाच्या संघटनेचे आहे, यंत्र घडवणाऱ्या कंपनीचे नाही.

शिवाय तिन्ही माणसांचे एकमत होते तेथे चौथ्या मताने त्यात भर घालणे ही काही परीक्षा नव्हे. याच दोघांची पहिली लढत १८ मे २०२४ रोजी झाली होती. तीत दोन जजांनी उसिकला ११५–११२ आणि ११४–११३ असे गुण दिले, तर तिसऱ्याने फ्युरीला ११४–११३ ने विजयी ठरवले. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर झोकांड्या खात असताना, तो खाली पडल्याचे धरून रेफरीने मोजणी केली आणि त्या एका मोजणीने उसिकची ती फेरी १०–८ झाली. ती मोजणी झाली नसती तर लढत बरोबरीत सुटली असती. यंत्राची परीक्षा अशा लढतींत होते, आणि एक नव्हे तर शेकडो लढतींत ती व्हायला हवी.

प्रश्न : क्रिकेटमध्ये डीआरएस आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या गावी महाराष्ट्र केसरीच्या वेळी पाठ टेकली की नाही यावरून केवढा वाद झाला ते सगळ्यांनी पाहिले. कॅमेऱ्याला विचारून वाद मिटवता येत असेल तर मुष्टियुद्धानेच मागे का राहावे? (वाचक, अहिल्यानगर)

आपण दिलेले कुस्तीचे उदाहरणच या विषयाची गाठ सोडवायला सर्वांत उपयोगी आहे. चितपट म्हणजे काय हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते : दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. ते टेकले किंवा टेकले नाहीत, तिसरी शक्यता नाही, आणि योग्य कोनातून योग्य क्षणाचे चित्र मिळाले तर कोणीही ते सांगू शकतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यष्टीवर गेला असता की नाही, हे प्रश्नही त्याच जातीचे आहेत. तरीसुद्धा क्रिकेटने चेंडूचा पुढचा मार्ग वर्तवण्याच्या बाबतीत ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे निसटत्या प्रसंगी मैदानावरच्या पंचाचाच निर्णय, राखून ठेवला आहे. विम्बल्डनने २०२५ साली रेषेवरचे सगळे पंच काढून टाकले, तेव्हा ६ जुलै रोजी सेंटर कोर्टवर त्या यंत्रणेचा काही भाग माणसाच्या चुकीने बंद राहिला, बाहेर पडलेला चेंडू तिने सांगितला नाही आणि खुर्चीवरच्या पंचाला तो गुण पुन्हा खेळवावा लागला.

मुष्टियुद्धातील फेरी कोणी जिंकली हा प्रश्न मात्र चितपटीसारखा नाही. एका खेळाडूने तीन मिनिटांत बारा हलके सरळ ठोसे बरोबर नाकावर लावले आणि दुसऱ्याने चारच लावले, पण त्या चारांपैकी एकाने समोरच्याचे गुडघे वाकले, तर फेरी कोणाची? ऑलिंपिक पद्धतीच्या मुष्टियुद्धात जजने लक्ष्यभागावर लागलेल्या दर्जेदार ठोशांची संख्या, तंत्राने आणि डावपेचाने मिळवलेले वर्चस्व आणि लढाऊपणा पाहायचा असतो. व्यावसायिकांमध्ये स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव असे चार निकष सांगितले जातात. यांतला एकच निकष मोजता येतो, आणि त्यातही ‘दर्जेदार’ हे विशेषण बसलेलेच आहे. बाकीच्यांना किती वजन द्यायचे हे कोठेही आकड्यांत लिहिलेले नाही. यंत्राला ते लिहून द्यावे लागेल, आणि लिहून देणारा माणूसच असेल. म्हणजे जजचा निर्णय नाहीसा होणार नाही. तो लढतीच्या आधी, बंद खोलीत, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी घेतला जाईल.

चितपटीसारखे प्रश्न मुष्टियुद्धातही आहेत, आणि तेथे मला कॅमेरा उद्या नव्हे, आज हवा आहे. ठोसा गालावर लागला की मध्ये आलेल्या ग्लोव्हवर? ग्लोव्हचा बोटांच्या पेरांवरचा भाग लागला की उघडा पंजा? पट्ट्याच्या वर की खाली? खेळाडू ठोशाने पडला की ओल्या फरशीवर पाय घसरून? भुवई ठोशाने फाटली की डोक्याला डोके लागून? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण व्यावसायिक लढत त्या जखमेमुळे थांबवावी लागली तर ठोशाची जखम असल्यास जखमी खेळाडू हरतो, आणि डोके अनवधानाने लागून झालेली असल्यास, ठरावीक फेऱ्या झालेल्या असतील तर, तोवरचे गुण मोजले जातात. अशा वेळी रेफरीला एका क्षणात, एकाच बाजूने पाहून ठरवावे लागते. तेथे यंत्राची मदत नाकारण्याचे एकही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकी मुष्टियोद्धा रॉय जोन्सचे सुवर्णपदक दिवसाढवळ्या लुटले गेले. रिओमध्ये पुन्हा तेच झाले. माणूस विकला जातो, यंत्र विकले जात नाही. इतक्या वर्षांत खेळाने धडा का घेतला नाही? (सेवानिवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

आपला संताप मला पूर्णपणे समजतो. सोलच्या त्या अंतिम लढतीत दूरचित्रवाणीसाठी केलेल्या मोजणीनुसार जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि यजमान देशाच्या पार्क सी-हुनचे ३२. निकाल मात्र ३–२ असा पार्कच्या बाजूने लागला. स्पर्धेतील सर्वोत्तम तंत्राचा चषक जोन्सलाच देण्यात आला, त्यामुळे ही विसंगती आयोजकांनाही लपवता आली नाही. पार्कचाही यात दोष नव्हता. ते पदक त्याला आयुष्यभर टोचत राहिले आणि २०२३ मध्ये त्याने अमेरिकेत जाऊन ते स्वतःच्या हाताने जोन्सच्या स्वाधीन केले. यंत्र त्या दिवशी बसलेले असते तर हा अन्याय झाला नसता, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो.

पण खेळाने धडा घेतला नाही असे म्हणता येणार नाही. धडा घेतला, आणि तोही यंत्राचाच घेतला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून २०१२ च्या लंडनपर्यंत हौशी मुष्टियुद्धात बटणांची पद्धत होती. पाच जजांपुढे प्रत्येकी एक लाल आणि एक निळे बटण असे, आणि त्यातला बहुतेक काळ पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच बटण दाबले तरच ठोसा गुणफलकावर चढे. कल्पना अतिशय प्रामाणिक होती. पण एका सेकंदात तीन ठोशांची माळ लागली तर बोटे मागे पडत, आणि पोटात बसलेला दणकट ठोसा रेफरीच्या पाठीआड गेला तर तिघांना एकाच वेळी दिसत नसे. गुण मिळे तो सुट्या, लांबून मारलेल्या, डोक्यावर उघडपणे दिसणाऱ्या ठोशाला. खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी हे फार लवकर ओळखले. बरगड्यांवरचे काम मागे पडले आणि दोन गुणांची आघाडी मिळाली की पुढे सरायचे नाही अशी लढण्याची रीत तयार झाली. त्या काळात वाढलेल्या मुलांशी बोलले की आजही ती ‘टच करून निघून जायचे’ असे सांगतात. ज्याची मोजणी होते तेच खेळले जाते, ही गोष्ट वीस वर्षे आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे. अखेर २०१३ मध्ये ती पद्धत सोडून हौशी खेळानेही दहा गुणांची फेरी स्वीकारली.

बटणांनी वादही थांबले नव्हते. लंडनमध्ये विकास कृष्णने एरॉल स्पेन्सवर १३–११ असा विजय मिळवला, आणि काही तासांनी अमेरिकेच्या तक्रारीवरून तो निकाल उलटला. तिसऱ्या फेरीत विकासने नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले आणि दुसऱ्या फेरीत दातांचे गार्ड मुद्दाम टाकले, तरी रेफरीने त्यासाठी पुरेसे गुण कापले नाहीत, असे कारण देऊन स्पेन्सला चार गुण वाढवून देण्यात आले. भारतीय प्रेक्षक म्हणून मला त्या रात्री झोप लागली नाही, परंतु शांतपणे पाहिल्यास त्या लढतीत ठोशांची मोजणी चुकलेलीच नव्हती. चुकला होता तो रेफरीचा शिस्तीचा निर्णय, आणि ठोसे मोजणारे कितीही हुशार यंत्र बसवले असते तरी ती चूक तशीच राहिली असती.

आता विकले जाण्याविषयी. रिओ २०१६ नंतर रिचर्ड मॅक्लारेन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि तेथे लढतींचे निकाल फिरवण्याची व्यवस्थाच उभी केलेली होती असा निष्कर्ष त्यात निघाला. रेफरी आणि जज यांच्या नेमणुका ज्यांच्या हातात होत्या त्यांच्यापर्यंत ती साखळी पोहोचत होती. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे : रोग खुर्चीत बसलेल्या माणसापुरता नव्हता, खुर्चीवर कोणाला बसवायचे हे ठरवणाऱ्यांमध्ये होता. त्याच मंडळींच्या हाती यंत्र दिले असते तर त्यांनी यंत्राची मांडणी हाताळली असती, आणि मग पाच जणांऐवजी एकालाच वश करून भागले असते.

म्हणून माझे मत असे आहे की यंत्राला न्यायाधीश करू नये, साक्षीदार करावे, आणि त्याची साक्ष सर्वांत आधी जजांविरुद्ध वापरावी. प्रत्येक लढतीत यंत्राने आपली मोजणी स्वतंत्रपणे करावी, ती लढत संपेपर्यंत कोणालाही, विशेषतः जजांना, दाखवू नये, आणि निकालानंतर जजांच्या कागदांसह जाहीर करावी. एखाद्या फेरीत फरक पडला तर त्यावरून कोणाला दोषी धरू नये. पण एखाद्या जजचे कागद वर्षभर एकाच देशाच्या किंवा लढती भरवणाऱ्या एकाच प्रवर्तकाच्या बाजूला झुकत असतील, तर ते आकडे त्याला पुढील नेमणुकीआधी उत्तर द्यायला भाग पाडतील. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेनॉक्स लुईसचे ३४८ ठोसे लागले आणि इव्हँडर होलिफील्डचे १३०, तरी लढत बरोबरीत सुटली. होलिफील्डला विजयी ठरवणाऱ्या जजने, लुईसने उघडपणे गाजवलेली पाचवी फेरीही होलिफील्डला दिली होती. नंतर चित्रफीत पाहिल्यावर ती फेरी लुईसची होती हे तिने मान्य केले. ती चित्रफीत त्याच रात्री, निकाल कायम होण्याच्या आधी तिच्यापुढे ठेवण्याची सोय असायला हवी होती. तेथे यंत्राची खरी जागा आहे.

प्रश्न : यंत्राला देश नसतो, धर्म नसतो, प्रेक्षकांच्या आरोळ्या त्याला ऐकू येत नाहीत. निदान पक्षपात तरी संपेल ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे)

आपण ज्या शाखेत शिकत आहात तेथे याचे उत्तर मिळेल. फेरी कोणाची हे यंत्राला शिकवायचे तर जुन्या लढतींच्या चित्रफिती आणि त्यांचे निकाल त्याच्यापुढे ठेवावे लागतात, आणि ते निकाल जजांनीच दिलेले असतात. घरच्या खेळाडूला, नावाजलेल्या विजेत्याला, सतत पुढे येणाऱ्याला झुकते माप देण्याची जी सवय त्या कागदांत मुरलेली आहे, ती यंत्रही उचलेल, आणि माणसाला निदान जाब विचारता येतो तसा त्याला विचारता येणार नाही. आरोळ्यांचा मुद्दा मात्र आपला बिनतोड आहे. मी स्वतः काही वर्षे जिल्हा आणि राज्य पातळीवर जजच्या खुर्चीत बसलो आहे. एका शालेय स्पर्धेत मी एक फेरी ज्या मुलाला दिली त्याचे बहुतेक ठोसे ग्लोव्हवर बसत होते. पण त्यांचा आवाज मोठा येत होता आणि प्रत्येक आवाजागणिक त्याच्या शाळेची मुले उठून ओरडत होती. दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी मोबाइलवर घेतलेले चित्रण संध्याकाळी मला दाखवले तेव्हा मी चुकलो होतो हे मला दिसले. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त दाखवले. त्या दिवसापासून जवळच्या कोनातून, आवाज बंद करून पाहिलेल्या चित्रफितीवर माझा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास आहे.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, पुण्यात सराव करते. मेरी कोम टोकियोत तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही हरल्या, तेव्हापासून ती विचारते की निकाल असाच लागणार असेल तर मेहनत कशासाठी. पुढे यंत्र येणार असेल तर तिने आतापासून यंत्राला दिसेल असे खेळायला शिकावे का? (एक आई)

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण टोकियोचा तो निकाल समजून सांगण्यासारखा आहे आणि तो कोणी नीट समजून सांगितला नाही हेच माझे मोठे दुःख आहे. २९ जुलै २०२१ रोजी कोलंबियाच्या इन्ग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध पहिली फेरी पाचपैकी चार जजांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी फेरी प्रत्येकी तीन जजांनी मेरी कोम यांना दिली. फेऱ्या मोजल्या तर दोन विरुद्ध एक असे दिसते. पण नियमाप्रमाणे प्रत्येक जजची तीन फेऱ्यांची बेरीज वेगळी होते आणि मग किती जजांच्या कागदावर कोण पुढे आहे हे पाहिले जाते. तसे पाहता तीन कागद व्हॅलेन्सियाचे होते आणि दोन मेरी कोम यांचे. आपल्या मुलीला पाच रकाने आखून हे मांडायला सांगा. पहिल्या फेरीतली मोठी पिछाडी नंतरच्या दोन निसटत्या फेऱ्यांनी का भरून निघाली नाही ते तिला स्वतःच सापडेल. निकाल जाहीर झाल्यावरही आपण हरलो हे मेरी कोम यांच्या लक्षात आले नव्हते. सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या खेळाडूला रिंगमध्ये उभे असताना आपला निकाल कळू नये, हा दोष जजांच्या नजरेचा नाही, सांगण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो दूर करायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

सरिता देवी यांची गोष्ट तिला आता सांगू नका, थोडी मोठी झाल्यावर सांगा. २०१४ मध्ये इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीचा निकाल मान्य नसल्याने त्यांनी कांस्यपदक यजमान देशाच्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या गळ्यात घातले आणि त्यासाठी त्यांना एक वर्षाची बंदी भोगावी लागली. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकाच्या तळाशी छापलेले असते. निर्णय अंतिम असावा हे मला मान्य आहे, पण त्यामागचे कारण खेळाडूला मिळू नये हे मान्य नाही. यंत्र बसवा किंवा माणूस बसवा, ‘मी का हरले’ असे विचारणाऱ्या मुलीला फेरीनिहाय उत्तर देता आले पाहिजे, आणि जे यंत्र ते देऊ शकत नाही त्याला जिल्हा स्पर्धेतही बसवू नये.

यंत्रासाठी म्हणून वेगळे खेळायला तिने मुळीच शिकू नये. बटणांच्या काळात त्या वाटेने गेलेल्या मुलांचा खेळ कसा झाला ते वर लिहिलेच आहे. चौदाव्या वर्षी पायांची चाल, हनुवटी आत ठेवणे, ठोसा मारल्यावर हात पुन्हा चेहऱ्यापाशी आणणे आणि पोटावर काम करणे हे पक्के झाले की तो खेळ जजलाही दिसतो आणि कॅमेऱ्यालाही. आपण मात्र एक करू शकता. तिच्या प्रत्येक लढतीचे चित्रण शक्यतो थोड्या उंचावरून, एकाच जागी उभे राहून घ्या, आणि घरी तिला आवाज बंद करून ते दाखवा. प्रत्येक फेरी संपली की चित्र थांबवून तिने आधी स्वतःचे गुण कागदावर लिहावेत आणि नंतर जजांचे गुण शेजारी मांडावेत. दोन्हींत फरक असेल तेथे ती फेरी पुन्हा पाहावी, आणि तरीही फरक राहिला तर तो कागद घेऊन तिच्या प्रशिक्षकांना सोमवारच्या सरावाआधी भेटावे.